गोळ्यांचं उद्यापन

विमलाबाईंना रविवारची कहाणी त्यांच्या सासूबाईंनी शिकवली, त्याला आता पंचावन्न वर्षं झाली. शिकवताना सासूबाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. कहाणी भिंतीला सांगायची नाही, ऐकायला जितंजागतं माणूस हवं. आणि सांगणाऱ्याच्या नि ऐकणाऱ्याच्या मुठीत सात-सात अक्षता हव्यात. शेवटपर्यंत त्या मुठीत राहिल्या, तर कहाणी देवाला पोचली. कोणाच्याही मुठीतून एक जरी दाणा सांडला, तर पुन्हा पहिल्यापासून. आणि कहाणी होईपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घ्यायचं नाही.

श्रावणातल्या पहिल्या रविवारी हे व्रत घ्यायचं नि रथसप्तमीला त्याचं उद्यापन करायचं. कोपरीच्या घरी ऐकणारीची कधी वानवा पडली नाही. शेजारीण कणीक मळायची टाकून यायची. पण यजमान गेले, लेकीच्या बंगळुरातल्या फ्लॅटमध्ये देव्हाऱ्याला पूर्व दिशा मिळेना, तेव्हा विमलाबाई आपण होऊन ठाकुर्लीच्या ‘सोबत निवास’मध्ये राहायला आल्या. तीन मजली इमारत, वेळेवर चहा, वेळेवर जेवण, वेळेवर गोळ्या. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी अगदी पूर्वेला. सोबतीला शकू.

शकू भोईर इथल्याच जुन्या गावातली. खाडीकाठी शेती नि मिठागर बघत वाढलेली. विमलाबाई आल्या त्या दिवशी तिनं त्यांचा देव्हारा बघून कपाळाला हात लावला होता. “बाय गो! येवरं देव? मंग मी कुठं झोपू, पालन्यात?” आणि अशी खदखदून हसली होती, की खालच्या मजल्यावरून कोणीतरी विचारायला आलं, काय झालं म्हणून. विमलाबाईंचा आवाज एवढा हळू, की चहा मागितला तरी वाढणाऱ्याला वाकावं लागे. जोडी विजोड होती, पण जमली.

वर्षभरात मात्र ती शकू कुठं गेली कळलं नाही. हसणं गेलं, मग बोलणं गेलं. न्हाणीघरात एकदा पडली, तेव्हापासून चालणंही भिंत धरून. सकाळी नऊला गोळ्यांची वाटी येई आणि दहाला शकूची मान छातीवर येई. डाळ कशी झालीय यावरून भांडणारी बाई समोर येईल ते मुकाट गिळू लागली.

यंदाच्या श्रावणातल्या पहिल्या रविवारी विमलाबाईंनी तिच्या हातात सात अक्षता ठेवल्या, बोटं मिटवली आणि कहाणी सुरू केली. पाचव्या वाक्याला शकूची मूठ सैल झाली. टपटप करत दाणे फरशीवर.

“शकू, अगं शकू.”

“आयकतंय गो... मी डोलं मिटून आयकतंय.”

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा टपटप. तिसऱ्यांदा तर सुरुवातीलाच. साडेअकरा वाजले. पोटात कावळे कोकलायला लागले, तशा विमलाबाई अक्षतांची वाटी घेऊन दुसरं कोणी जागं आहे का ते पाहायला निघाल्या. पलीकडच्या खोलीतल्या दोघी बसल्याजागी डुलत होत्या. पुढच्या खोलीत टीव्ही चालू आणि बघणारे झोपलेले. गॅलरीत महिपतराव, कल्याणच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले, पेपर तोंडावर पांघरून घोरत होते. सकाळचे पावणेबारा, बाहेर लख्ख ऊन, आणि सगळा मजला असा निजलेला, जणू कोणी मंत्र टाकलाय. शेवटी तिथली मुख्य सिस्टर रसिका हिला साडेतीनला फुरसत मिळाली, तेव्हा कहाणी पोचली आणि विमलाबाईंच्या घशाखाली पाणी उतरलं.

दुसऱ्या रविवारी सकाळी रसिकाच त्यांच्याशेजारी येऊन बसली.

“आजी, तुम्हाला आधी सांगते. शकूआजींना वरच्या मजल्यावर न्यायचं ठरतंय. आज त्यांचा मुलगा येणार आहे सही करायला.”

वरचा मजला म्हणजे कठडे लावलेल्या पलंगांचा मजला. तिथं गेलेलं कोणी पुन्हा जेवणघरात दिसत नसे.

“का गं?”

“विसरायला लागल्यात ना. तोल जातो. वय झालं.”

“माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे ती,” विमलाबाई म्हणाल्या. रसिकानं त्यांचा हात थोपटला आणि ती कामाला गेली. शकू पलंगावर बसून होती. तोंड किंचित उघडं, नजर पंख्याकडे. विमलाबाईंनी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडल्यावर काय मागायचं तेच सुचेना.

तेवढ्यात दारात कोणीतरी खाकरलं. महिपतराव. दाढी केलेली, केस विंचरलेले, पेपर काखेत.

“वहिनी, मागच्या रविवारी म्हणे तुम्ही श्रोता शोधत हिंडत होता. आज हा गडी मोकळा आहे. सांगा.”

विमलाबाई बघतच राहिल्या. महिपतरावांचे डोळे उघडे असताना त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. ते घारे आहेत हे आज कळलं.

त्यांनी अक्षता दिल्या. महिपतराव मांडी घालून बसले आणि कहाणीभर “हां”, “बरं”, “अरे देवा” करत राहिले. मूठ अशी घट्ट, जणू इंजिनाचा दांडाच धरलाय. कहाणी पोचली. विमलाबाई पाणी प्यायल्या आणि मग त्यांना राहवलं नाही.

“भाऊ, आज तुम्ही जागे कसे?”

“गंमतच झाली, वहिनी. माझी झोपेची गोळी संपली. पोरगा ठाण्याहून आणतो. मेडिकलवाला म्हणाला, जुनी चिठ्ठी चालणार नाही, नवीन आणा. डॉक्टर सुट्टीवर, पोरगा गेला साताऱ्याला. रसिकाबाई घाबरलेली, रोज दोनदा रक्तदाब बघत होती माझा. पहिल्या दोन रात्री मी पंख्याची पाती मोजली. तिसऱ्या रात्री म्हणे घोरलो. आणि परवा सकाळी उठतो तर काय, चहाला चव! अहो, दोन वर्षं मला वाटत होतं इथला आचारीच बेचव आहे. शिव्या घातल्या त्याला उगाच.”

ते हसत निघून गेले. विमलाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. मग उठल्या आणि सरळ रसिकाच्या टेबलापाशी गेल्या. आयुष्यात त्यांनी कधी कोणाचा कागद मागून पाहिला नव्हता.

“शकूच्या गोळ्यांची यादी दाखवतेस? तुला चालत असेल तर.”

रसिकानं जरा विचार केला, मग यादी पुढे सरकवली. दिवसाच्या नऊ, रात्रीच्या पाच.

“ही कशाची गं?”

“चक्करची.”

“आणि ही?”

“ती पण चक्करचीच. एक कल्याणच्या डॉक्टरांची, एक ठाण्याच्या.”

“ही?”

“पित्ताची. गोळ्या जास्त म्हणून. ही खाजेची, मागच्या गणपतीत अंगावर उठलेलं तेव्हा.”

“अजून उठतं?”

“नाही.” रसिका जरा थबकली. “आजी, मी लिहिलेलं देते हो. सुरू करणारे डॉक्टर येऊन जातात. बंद करा सांगायला कोणीच येत नाही.”

तिनं फाईल उलटी करत अगदी तळाचा कागद काढला. शकूच्या गावच्या जुन्या डॉक्टरांच्या हातची चिठ्ठी, तीन वर्षांपूर्वीची. शकूचे यजमान गेले त्या आठवड्यातली. मराठीतच लिहिलेलं: झोपेची गोळी, रात्री एक, तेरावं होईपर्यंत.

दोघींनी तो कागद दोनदा वाचला. इथल्या छापील यादीवर उतरताना ‘रात्री एक’ एवढंच उतरलं होतं. तेरावं होऊन गेलं, मांडव सुटला, पाहुणे गेले, वर्षश्राद्धंसुद्धा झाली. गोळी चालूच.

विमलाबाई ती चिठ्ठी मागून घेऊन खोलीत आल्या. मनात एकच गोष्ट घोळत होती. एवढी व्रतं केली आपण, सोळा सोमवार केले, लाख वाती केल्या. पण घेताना संकल्पात पहिल्यांदा काय सांगतो? कशासाठी आणि कधीपर्यंत. मुदत संपली की उद्यापन. उद्यापनावाचून व्रत गळ्यात लोंबकळत ठेवलं तर ते फळत नाही, उलट बाधतं. मग या चौदा जणींचं उद्यापन करायचं कोणी?

सुशांत बाराच्या सुमारास आला. शकूचा एकुलता एक. गळ्यात जाड साखळी, डोळ्यांवर गॉगल, पण आईच्या पाया पडताना गॉगल आधी काढणारा. शकूनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या वडिलांचं नाव घेऊन हाक मारली. सुशांतचा चेहरा पडला. त्यानं खिशातून पेन काढलं, रसिकानं आणून ठेवलेला कागद ओढला.

“सुशांत,” विमलाबाई म्हणाल्या, “मला एक कहाणी सांगायची आहे. ऐकशील?”

“आता, मावशी? मला जरा...”

“पाच मिनिटांची आहे. उजवा हात पुढे कर बघू.”

श्रावणातला रविवार, समोर देव्हारा, आणि आईच्या वयाची बाई अक्षता घेऊन उभी. नाही कसं म्हणणार? त्यानं पेन खाली ठेवलं आणि हात पुढे केला. विमलाबाईंनी सात दाणे ठेवून त्याची बोटं मिटवली.

“कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही हं.”

आणि त्या त्यांच्या त्या हळू आवाजात सांगू लागल्या.

“खाडीकाठी एक गाव होतं. तिथं एक बाई होती. तिनं अंगणातून हाक मारली, की होडीतला माणूस वल्हं थांबवी, असा आवाज. एके दिवशी बाईचा नवरा गेला. बाईला झोप येईना. लेकाची आईवर फार माया. त्यानं वैद्याला आणलं. वैद्यानं एक पाहुणी दिली. म्हणाला, हिला तेराव्यापर्यंत ठेवून घे, चौदाव्या दिवशी ओटी भर आणि बोळवण कर. तेरावं झालं. सगळे पाहुणे गेले. ही एक मात्र राहिली. कोणाच्या लक्षातच आलं नाही. रात्री बाईच्या उशाशी बसायची, ती दिवसाही बसू लागली. तिच्या पायी बाईला चक्कर यायला लागली, म्हणून दुसरी पाहुणी आणली. दुसरीची जुळी बहीण आली. त्यांना वाढून वाढून बाईच्या पोटात जळजळ, म्हणून आणखी एक. एक आली, जिला फक्त चार दिवस गणपतीला बोलावलेलं. तीही बसली पाय पसरून.”

सुशांत आधी हसत ऐकत होता. आता हसत नव्हता.

“किती झाल्या, मावशी?”

“चौदा.”

“आणि बाई? बाई कुठं गेली?”

“बाई घरातच आहे रे. पाहुण्यांच्या गर्दीत दिसत नाही, एवढंच.”

पलंगावर शकूची मान डुलत होती. सुशांतनं डाव्या हातानं तिची उशी सारखी केली.

“पुढं?”

“पुढची कहाणी मला येत नाही. ती तू आणायचीस.” विमलाबाईंनी ती तेराव्याची चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली. “मी काही डॉक्टर नाही. कोणती राहू दे, कोणती जाऊ दे, ते मला नाही कळत. पण विचारायला हवं, एवढं कळतं.”

सुशांतनं चिठ्ठी वाचली. मग पेनाकडे बघितलं, मग आपल्या मुठीकडे. “म्हणजे कहाणी संपलेली नाही?”

“कुठं संपलीय?”

“मग सही कोणत्या हातानं करू?” तो म्हणाला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो विमलाबाईंना शकूसारखा दिसला, तीच तिरकी भिवई. ते सात दाणे त्यानं रुमालात बांधले, वरच्या खिशात ठेवले, कागद तसाच कोरा ठेवून गेला.

मंगळवारी तो डोंबिवलीच्या डॉक्टर समीक्षा यांना घेऊन आला. त्या फक्त म्हातारी माणसंच तपासत. तरुण बाई, पायात साध्या चपला. सगळ्या फायली, सगळी पाकिटं पलंगावर पसरली आणि एकेक हातात घेऊन तीनच प्रश्न विचारत राहिल्या. कोणी सुरू केली? कशासाठी? तो त्रास अजून आहे का?

“अगदी संकल्पासारखं विचारता हो तुम्ही,” विमलाबाई न राहवून म्हणाल्या, आणि मग त्यांनी महिपतरावांची नि आपल्या उद्यापनाची गोष्ट सांगितली. डॉक्टर हसू लागल्या.

“आजी, आमच्या पुस्तकात याला भलंमोठं नाव आहे. तुमचं सुटसुटीत आहे, मी हेच वापरेन. पण उद्यापन एकदम नाही हं. झोपेची गोळी तर अगदी हळूहळू, महिन्या-महिन्यानं कमी करत. एकदम बंद केली तर उलटते. महिपतकाकांचं थोडक्यात निभावलं. सगळ्यांचं तसं होत नाही. काही गोळ्या खऱ्या गरजेच्या आहेत, त्यांना हात लावायचा नाही.” मग त्यांची नजर देव्हाऱ्याशेजारच्या डबीवर गेली. “ही कोणाची?”

“माझी. पित्ताची. रोज पहाटे, तीर्थाच्या आधी. व्रताचा रविवार सोडून.”

“कधीपासून?”

“झाली नऊ वर्षं.”

“कशासाठी?”

विमलाबाईंनी डबी उलटसुलट फिरवून पाहिली. “यजमान घ्यायचे,” त्या शेवटी म्हणाल्या, “त्यांच्याबरोबर मीही घ्यायला लागले.”

रसिका तोंडाला पदर लावून इतकी हसली, की हातातली फाईल पडली.

भाद्रपद कठीण गेला, ते लपवण्यात अर्थ नाही. शकूला अर्ध्या गोळीवर झोप येईना, हातपाय कापत, आणि त्या सगळ्याचं खापर तिनं विमलाबाईंवर फोडलं. “तूच गो तूच! माजी झोप चोरलीस नि देवापुढं बसतंस!” डॉक्टर दर आठवड्याला येत, रसिका वहीत टिपून ठेवी, आणि शकूच्या शिव्या दिवसेंदिवस जास्त ठसठशीत होत चालल्या आहेत, हे फक्त विमलाबाईंच्या लक्षात आलं होतं. रविवारची कहाणी त्या सध्या महिपतरावांना सांगत. शकू पलंगावरून ऐके, कधी अर्धी, कधी पाऊण.

घटस्थापनेच्या सकाळी जेवणघरात एकदम आरोळी उठली. “ही डाल हाय का मिठागराचं पानी?”

वाढणारा थांबला. महिपतरावांनी चमचा खाली ठेवला. रसिका स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच उभी राहिली. विमलाबाईंनी डोळे मिटून देवाला नमस्कार केला. डाळ खरंच खारट होती.

दिवाळीत शकूनं सुकट मागितली. सुशांतनं डबा भरून आणला. विमलाबाई नाकाला पदर लावून खिडकीत बसल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “जेव बाई, पोटभर जेव.” डिसेंबरात शकू भिंत न धरता गॅलरीपर्यंत गेली. चौदातल्या चार उरल्या. रक्तदाबाची, थायरॉइडची, आणखी दोन, डॉक्टरांनी तपासून ठेवलेल्या. नातवंडांची नावं अजून कधी कधी चुकत, पण चुकली की स्वतःच कपाळावर मारून घेई आणि हसे. आणि रसिकानं सगळ्यांच्याच यादीत एक नवा रकाना आखला होता: ‘कधीपर्यंत’. त्या रकान्यापायी खालच्या दोन्ही मजल्यांवरचे लोक डॉक्टरांची वाट बघत रांगेत बसू लागले. “माझ्या कोणाचं उद्यापन आहे का हो आज?” असं महिपतराव दर खेपेला विचारत.

रथसप्तमी यंदा रविवारीच आली. शेवटची कहाणी आणि उद्यापन एकाच दिवशी. सकाळी सगळे गच्चीवर जमले. रसिकानं कुठूनशा गोवऱ्या मिळवल्या होत्या. त्यांवर मातीच्या बोळक्यात दूध ठेवलं, पूर्वेकडे तोंड करून. रांगोळीत सूर्याचा रथ काढला. घोडे महिपतरावांनी काढले म्हणून ते जरा बोक्यांसारखे दिसत होते.

शकू आज नवं हिरवं पातळ नेसून आली होती. संक्रांतीपासून तिनं काहीतरी लपवून ठेवलं होतं. पिशवी उघडली तर आत सात-सात खणांचे गोळ्यांचे डबे! ज्यांच्या गोळ्या कमी झाल्या, त्यांचे रिकामे झालेले. प्रत्येक खणात तिनं पांढराशुभ्र हलवा भरला होता.

“घ्या, रथसप्तमीचं वान,” ती घरोघर हळदीकुंकू द्यावं तशी प्रत्येकीच्या हातात डबा ठेवत गेली. “सकाली दोन, रात्री दोन. सांगनारा डॉक्टर मेला तरी थांबवायच्या नाय!”

“शकू! शुभ दिवशी काय बोलतेस!” विमलाबाई म्हणाल्या. पायरीवर बसलेल्या डॉक्टर समीक्षा मात्र आपला डबा उघडून हलवा खात होत्या.

मग विमलाबाईंनी शकूच्या हातावर सात अक्षता ठेवल्या, सात आपल्या मुठीत घेतल्या. सुशांत मागे भिंतीला टेकून उभा राहिला. कहाणी सुरू झाली.

अशी कहाणी विमलाबाईंनी पंचावन्न वर्षांत सांगितली नव्हती. कारण शकू गप्प बसेना. राजा असा का वागला? राणीला कोणी सांगितलं नाय का? आणि ती म्हातारी येवरं चालत गेली, तिचं गुडघं दुखत नव्हतं? “ऐक गं आधी,” म्हणत विमलाबाई पुढे जात आणि पुन्हा अडत. लोक हसत. सोनेरी ऊन गच्चीभर पसरलं. शेवटचं वाक्य अर्ध्यावर आलं, आणि नेमकं तेव्हाच दूध वर आलं, बोळक्याच्या काठावरून पूर्वेला उतू गेलं. सगळ्यांनी एकदम “उतलं, उतलं!” केलं. विमलाबाईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या आणि त्याच भरात वाक्य पुरं केलं.

“दाखव,” त्या म्हणाल्या.

शकूनं मूठ उघडली. दाणे घामानं तळव्याला चिकटले होते. एक, दोन, तीन... सातच्या सात. सुशांत जवळ आला. वरच्या खिशातून त्यानं रुमालाची गाठ काढली आणि आपलेही सात दाणे आईच्या हातावर ओतले. “मावशी, माझी कहाणी आता संपली म्हणायची ना?” त्यानं विचारलं.

“संपली हो,” विमलाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

“थांब, थांब!” शकूची तिरकी भिवई वर गेली. “माजं बघितलंस. आता तुजी मूठ दाखव.”

विमलाबाईंनी हात उघडला. तळहात रिकामा. टाळ्या पिटताना सगळे दाणे रांगोळीतल्या बोक्यांसारख्या घोड्यांवर जाऊन पडले होते.

मग शकूनं असं काही हसणं सोडलं, की खालच्या रस्त्यावरचा रिक्षावाला मान वर करून बघू लागला. ती फतकल मारून पुन्हा बसली, मूठ मिटली आणि म्हणाली,

“चल गो विमलबाय. पयल्यापासून.”